समोरची गाडी आल्याशिवाय

जळकोटच्या रणधीर पाटलांचा रशियन ट्रॅक्टर ऑगस्टपासून शेडमध्ये उभा आहे. क्लच प्लेट येत नाही. सोलापूरचा डीलर सांगतो, कारखाना चालू आहे, फक्त तो आता कुणाचा हे ठरायचं आहे.

०

रस्त्यातल्या गावात दुकानाचं शटर पूर्ण वर असेल तर गाडी जाऊ द्यावी. अर्धं असेल तर काचा लावून जाऊ द्यावी. शटर खाली आणि ओट्यावर माणसं उभी असतील तर गाडी अलीकडच्या गावातच थांबवावी. शटर खाली आणि ओट्यावर कुणीच नाही, असं आजवर घडलेलं नाही.

०

कोजागिरी झाली की तामलवाडीत रस्त्याच्या कडेला तीन-चार दिवस चपला सापडत राहतात. बहुतेक एकेकट्या.

०

१९९१ च्या ऑगस्टात मॉस्कोत रणगाडे आले आणि माघारी गेले नाहीत. म्हणून सोव्हिएत संघ टिकला. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात तो आणखी बत्तीस वर्षं एकाच गुलाबी रंगात छापला गेला.

०

नळदुर्ग, जळकोटमार्गे उमरग्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे.

०

"पप्पा, चौकातलं कारंजं बंद केलंय. पाणी संपलं म्हणून नाही. त्याच्या आवाजात गोळीचा आवाज ऐकू येत नाही म्हणून."

०

वरच्या आवाजांतला शेवटचा श्रावस्तीचा. ती फ्रुन्झेला डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला होती. फ्रुन्झे म्हणजे सोव्हिएत संघाच्या दक्षिणेकडचं, डोंगराच्या पायथ्याचं शहर. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढं. तिचे वडील ज्ञानोबा तुळजापूर बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक. सव्वीस वर्षं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लावायची, कधी सोडायची आणि कधी सोडायची नाही, हे त्यांचं काम.

सोडायची नाही, हेच जास्त अवघड. आंदोलन असलं, बंद असला, कुठंतरी कुणाच्या पुतळ्यावरून काही झालं, की पहिला दगड एसटीला. अशा दिवशी ज्ञानोबा एकच नियम पाळत. समोरची गाडी आल्याशिवाय आपली सोडायची नाही. लातूरची गाडी लातूरहून आली, तिच्या काचा बघितल्या, ड्रायव्हरला चहा पाजून रस्त्यातल्या गावांची शटरं विचारली, की मग लातूरला गाडी. सव्वीस वर्षांत त्यांनी सोडलेल्या एकाही गाडीतल्या माणसाच्या डोक्याला टाका पडला नव्हता. हे ते कधी बोलून दाखवत नसत. दुसऱ्यानं बोलून दाखवलं तर अडवतही नसत.

०

"साहेब, नेमकं भांडण कशाचं म्हणायचं तिकडं?" धनाजीनं विचारलं. धनाजी सोलापूर गाडीवरचा ड्रायव्हर. शनिवार, चार नोव्हेंबर, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. नियंत्रण कक्षात चहा आला होता.

"मॉस्कोची कमिटी म्हणती सरकार आमचं. लेनिनग्राडची म्हणती आमचं."

"म्हंजे भाऊबंदकी."

"व्हय."

"मग मोजणी आणायची की."

"कोण येणार मोजायला? एका टोकाला दिवस उगवतो तवा दुसऱ्या टोकाला मावळतो."

"त्ये न्हाय साहेब. दोन्ही भावाकडं अणुबॉम्ब हाय म्हणल्यावर मोजणीदार बांधावर यायचाच न्हाय. आमच्याकडं नुसती कुऱ्हाड दिसली तरी तो आजारी पडतो."

ज्ञानोबा हसले. फोन वाजला. हसू तोंडावर तसंच होतं.

०

"पप्पा, ऐका. कॉलेजनं दोन गाड्या दिल्यात. आम्ही चव्वेचाळीस जण आहोत. विमानतळ बंदच आहे, वकिलातीनं सांगितलंय अल्मा-आताला या, तिथून विमान आहे. आठ वाजता निघायचंय म्हणतायत."

"अल्मा-आता किती?"

"दोनशे चाळीस किलोमीटर. आधी वीस-एकवीस किलोमीटरवर नदीचा पूल आहे. पुलापलीकडं दुसरं राज्य, तिथं अजून भांडण नाही."

"म्हंजे खरी धास्ती वीस किलोमीटरचीच हाय. जेवलीस?"

"चहा-पाव खाल्लाय. चार दिवसांनी ताजा पाव मिळाला. पप्पा, बसू का?"

"थांब. आज सकाळपासून पुलाकडनं एखादी गाडी आलीया का तुमच्याकडं?"

"गेटवरच्या माणसाला विचारते."

ती विचारायला गेली. फोन चालूच होता. मागं पोरांचा कालवा, बॅगांची चाकं, कुणीतरी मराठीत कुणाला तरी शिवी दिली. धनाजीनं चहाचा कप साहेबांच्या जवळ सरकवला.

"पप्पा, कालच्या संध्याकाळपासून एकही आली नाही म्हणतोय."

"मग बसू नको."

"पप्पा, सगळे—"

"सगळ्यास्नी सांग. समोरची गाडी आल्याशिवाय बसायचं न्हाय. आली की तिच्या काचा बघ, ड्रायव्हरला इचार, मग बस. तासाभरानं काय मरत न्हाय कुणी."

०

त्या वसतिगृहात ज्ञानोबांच्या शब्दाला वजन होतं. ऑक्टोबरात एकदा संचारबंदी लागली तेव्हा नऊ पोरी दवाखान्यात अडकल्या होत्या. ज्ञानोबांनी तुळजापुरातून फोनवर शटरं विचारत विचारत त्यांना गल्लीबोळातून घरी आणलं होतं. 'आता शटर कसंय? अर्धं? मग जावा सरळ.' तेव्हापासून पोरं त्यांना कंट्रोल रूम म्हणत. श्रावस्तीला विचारत, तुझी कंट्रोल रूम काय म्हणते?

म्हणून बावीस जण थांबले. बावीस जण थांबले नाहीत.

थांबलेल्यांत श्रीदेवी होती. उमरग्याची. तिचे वडील शंभुलिंग पिठाची गिरणी चालवतात. तिला पहिल्या गाडीत जागा मिळाली होती, बॅगही वर चढली होती. श्रावस्ती बसली नाही म्हणून ती उतरली.

न थांबलेल्यांत शिवांजली होती. जळकोटच्या रणधीर पाटलांची मुलगी.

०

अक्कलकोटहून येणारी गाडी आज उशिरा धावत आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी.

०

रणधीर पाटील साडेदहाला आले. पहाटे देवीची ओटी भरायला आले होते, तिथून सरळ स्थानकात. कपाळाला कुंकू, हातात नारळाची अर्धी वाटी. खुर्ची ओढून बसले.

"कंट्रोलर साहेब, आमची पोचली. पुलापलीकडं चहा पितीय. फोटो धाडलाय, बघा."

फोटोत शिवांजली होती, मागं गाडी. ज्ञानोबांनी तो बोटांनी मोठा केला. शिवांजलीला नव्हे, गाडीला. काचा सगळ्या होत्या.

"बरं झालं," ते म्हणाले.

"मग सोडा की तुमची. का मुहूर्त बघताय?"

"पाटील, गेलेल्या गाडीवरनं रस्ता कळत न्हाय. आलेली लागती. पहिल्या गाडीला लोक नुसतं बघत असत्यात. दुसरीला तयार असत्यात. धनाजीला इचारा."

"खरं हाय," धनाजी म्हणाला. "माझ्या पाठीत दोन येळा बसलाय, दोनी येळा दुसरीच गाडी व्हती."

"अहो, ते औसा-लातूर झालं. ही रशिया हाय."

"दगड सगळीकडं सारखाच असतो."

पाटलांनी खोबऱ्याचा तुकडा मोडून ज्ञानोबांपुढं धरला. ज्ञानोबा देवीला जात नाहीत. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून घरात कुणीच जात नाही. पण खोबरं त्यांनी घेतलं आणि टेबलावर ठेवलं. रजिस्टरच्या शेजारी.

"तुमच्या नियमाला आमची पोरगी न्हाय बांधली, बरं झालं," पाटील म्हणाले. मग स्वतःचं बोलणं त्यांनाच लागलं असावं, कारण ते उठून गेले नाहीत. तिथंच बसून राहिले, दुपारपर्यंत.

०

१०.५० — आली का? नाही.

११.०५ — आली का? नाही.

११.२० — पप्पा, गाडीचा ड्रायव्हर म्हणतो निघतो नाहीतर घरी जातो.

११.२१ — त्याला जेवायला घाला.

११.४० — जेवला.

११.५२ — पप्पा, सैनिक आले. कुठल्या कमिटीचे ते सांगत नाहीत. आमच्या बॅगा खाली फेकल्या. गाडी नेली.

११.५३ — ड्रायव्हरसकट.

०

ज्ञानोबांनी फोन टेबलावर ठेवला. उमरग्याची गाडी सुटायची वेळ झाली होती. त्यांनी माईक ओढला, बटण दाबलं आणि काहीच बोलले नाहीत. स्थानकभर नुसता खरखराट गेला. लोक मान वर करून भोंग्याकडं बघायला लागले. धनाजीनं माईक त्यांच्या हातातून काढून घेतला आणि नळदुर्ग-जळकोटमार्गे उमरगा हे स्वतःच्या आवाजात सांगितलं, फलाटाचा नंबर चुकवून.

"दुसरी गाडी मिळंल," रणधीर पाटील म्हणाले.

"मिळणार न्हाय."

"अहो—"

"म्या अडवली, पाटील. बावीस लेकरं व्हती. एक माझं व्हतं."

०

तामलवाडी सोलापूर आणि तुळजापूरच्या मधे आहे. कोजागिरीला सोलापूरकडचे लोक पायी देवीला येतात. रस्ता गाड्यांना बंद होतो आणि सगळा माणसांनी भरून वाहतो. ज्ञानोबांचं घर त्या रस्त्यालाच लागून. त्यांची बायको भिमाबाई दरवर्षी दोन रांजण भरून दारात ठेवते आणि चालणाऱ्यांना पाणी देते. देवी आपली नाही, तहान आपली आहे, असं ती म्हणते. श्रावस्ती लहान असताना तांब्या घेऊन तिच्याबरोबर उभी राहायची. कोजागिरी होऊन आठवडा झाला होता. अंगणात चपलांचा ढीग अजून पडून होता; भिमाबाई त्यातून जोड जुळवत बसली होती.

ज्ञानोबांनी तिला फोनवर सगळं सांगितलं. स्वतःला शिव्या दिल्या.  मग तिनं विचारलं:

"पूल किती लांब म्हणलासा?"

"वीस-एकवीस."

"म्हंजे सोलापूर ते आपल्या दारापस्तोर बी न्हाय."

"गाडी न्हाय गं, भिमा."

"तुमी गाड्याच बघितल्या जनमभर. म्या पाय बघितल्यात." तिच्या हातातली चप्पल खाली पडल्याचा आवाज आला. "आपल्या दारात येत्यात ती माणसं तेवढंच चालून आलेली असत्यात. सत्तर वर्षाच्या म्हाताऱ्या असत्यात. पाणी पिऊन फुडं जात्यात. पोरीला चालाय सांगा. एकटीला न्हाय, लोंढ्यात. लोक निघाले असतीलच की तिकडं बी."

"तू सांग."

तिनं सांगितलं. घरातल्या सरूला, म्हणजे श्रावस्तीला, बारा वाजून वीस मिनिटांनी पाठवलेला, पावणेदोन मिनिटांचा निरोप. पुढं तो त्या बावीस जणांच्या फोनमध्ये गेला:

"सरू, ऐक. बसायचं न्हाय. दम लागला तर झाडाला टेकायचं, पण बसायचं न्हाय. बसलं की मांड्या गारठत्यात. बूट काढायचा न्हाय. कितीबी चावला तरी काढायचा न्हाय, काढला की पाय सुजतो आन् परत आत जात न्हाय. पाणी घोट-घोट. लोंढ्याच्या मधी चालायचं, कडंला न्हाय. बॅगा टाकून द्या. वह्या-बिह्या काय बी घेऊ नका. आन् मागचं माणूस मोजत ऱ्हावा. तुला ठावं हाय की सगळं. तूच तांब्या घिऊन उभी असायचीस."

०

दुपारी एक. बावीस जण रस्त्यावर. भिमाबाई म्हणाली तसा लोंढा होताच. ढकलगाड्या, लहान मुलांच्या बाबागाड्या, एक म्हातारा पिंजऱ्यातला पोपट घेऊन. गाड्याही होत्या, पण त्या माणसांच्या पुढं जाऊ शकत नव्हत्या. श्रावस्तीनं फोटो पाठवला. रणधीर पाटील ज्ञानोबांच्या खांद्यावरून बघत होते. पुष्कळ वेळ बघून म्हणाले, "कोजागिरीचा रस्ता हाय हो ह्यो. निस्ता उदो उदो न्हाय."

एक वाजून चाळीस. "पप्पा, इथं शटरं सगळी खाली आहेत. ओट्यावर कुणीच नाही. काय करू?"

ज्ञानोबांनी लिहिलं: थांबा. खोडलं. लिहिलं: गल्लीनं जावा. खोडलं. शेवटी लिहिलं: चालत राहा.

अडीच. "पप्पा, एक गोष्ट. समोरून एकसुद्धा गाडी येत नाहीये. एकसुद्धा माणूस नाही. सगळे एकाच बाजूला चाललेत."

हे त्यांनी तीन वेळा वाचलं. बंदच्या दिवशी लोक घरी परततात, म्हणून समोरून गाडी येते. गावाला परत येणारा कुणीतरी असतोच. जिथून सगळेच निघाले आहेत तिथं समोरून कोण येणार? सकाळी सात वाजता हे कळायला हवं होतं.

धनाजीची सोलापूर गाडी सुटायची होती. तो म्हणाला, "साहेब, जाऊ का?"

"सोलापूरची आली का?"

"आली न्हाय अजून."

"जा."

धनाजी थांबला, वळून बघितलं आणि गेला.

०

पावणेचार. "श्रीदेवीचा बूट चावतोय. नवा आहे."

चार वाजून पाच. "मी काढू नको म्हणाले, तरी तिनं काढला. टाच सगळी सोलली आहे. आता आत जात नाही. आम्ही फडकं बांधलंय. ती चालतेय."

साडेचार. "एका आजीची हातगाडी आहे. तिच्यावर श्रीदेवीला बसवलंय. हातगाडी हळू आहे, पप्पा. श्रीदेवी म्हणते तुम्ही पुढं व्हा, मी आजीबरोबर येते. तिला थोडं रशियन येतं, ती आजीला पटवतेय. आम्ही काय करू?"

फलाट दोनवर एक बाई आपल्या पोराला ओरडत होती, उलटी आली तर खिडकीतून कर, अंगावर नको.

ज्ञानोबांनी विचारलं: अंतर किती राहिलं?

"सहा किलोमीटर. पूल सात वाजता बंद करणार असं सगळे म्हणतायत."

श्रावस्तीनं उत्तराची वाट पाहिली की नाही, हे ज्ञानोबांनी तिला नंतर कधी विचारलं नाही. त्यांनी उत्तर पाठवलं नव्हतं. चार वाजून बावन्न मिनिटांनी तिचा पुढचा निरोप आला: "पुढं निघालो. एकवीस."

०

तिथल्या घड्याळात संध्याकाळी सहा वाजून पंचवीस. एकवीस जण पुलापलीकडं.

सहा पन्नास. श्रावस्ती परत पुलाच्या तोंडाशी येऊन उभी. हातगाडी दिसत नाही.

सात. पुलावर आडवा ट्रक लावला.

सात दहा. अलीकडच्या काठावर अजून माणसं होती. ती बसली नव्हती, उभी होती. श्रावस्तीनं श्रीदेवीला हाक मारली. नदी लहान आहे, आवाज जातो. तिकडून पुष्कळ जणांनी हाका मारल्या, वेगवेगळ्या नावांच्या.

०

उमरग्याहून शंभुलिंग रोज चार वाजता फोन करतात. गिरणी चालू असते, म्हणून मोठ्यानं बोलतात.

"नमस्कार री, कंट्रोलर साहेब. काय कळलं का?"

"न्हाय. आज वकिलातीत फोन लावला व्हता. पूल अजून बंदच हाय. यादी आली की कळवतो म्हणले."

"हं."

"शंभुलिंग, म्या थांबवली व्हती गाडी. तिची बॅग वर चढली व्हती."

"ते तुम्ही सांगितलंत. रोज सांगताय." मागं ज्वारी पडायचा आवाज. कुणीतरी विचारलं, मालक, जाड का बारीक? "बारीक. कंट्रोलर साहेब, तिकडनं गाडी यायला लागली का एखादी?"

"अजून न्हाय."

"आली की सांगा हं. कितीबी वाजू द्या."

"सांगतो."

"तुमची पोरगी बरी हाय न्हवं? जेवती का?"

"जेवती."

श्रावस्ती सात नोव्हेंबरला घरी आली. अल्मा-आता, दिल्ली, सोलापूर, आणि सोलापूरहून धनाजीच्या गाडीनं तामलवाडी. धनाजीनं थांबा नसताना गाडी दारात उभी केली. भिमाबाईनं पोरीला आत नेलं, खाली बसवलं आणि आधी तिचे बूट काढले. ते निघेनात. कात्री आणावी लागली. पायांकडं बघत भिमाबाई म्हणाली, "चालली माझी बाय," आणि मग पाणी तापवायला उठली.

श्रावस्ती अजून श्रीदेवीच्या नंबरवर रोज एक निरोप पाठवते. ज्ञानोबा कामावर जातात. बंदचा दिवस अजून आलेला नाही. आला तर गाडी सोडायची की नाही हे त्यांनी ठरवलेलं नाही. दोनदा त्यांनी बदलीचा अर्ज लिहिला, दोनदा खिशात ठेवला. शंभुलिंगांचा फोन स्थानकाच्या याच नंबरवर येतो. चारला पाच कमी असताना ते खुर्ची फोनजवळ ओढून बसतात. रणधीर पाटील कधी आले तर खोबरं आणतात आणि रजिस्टरच्या शेजारी ठेवतात.

०

चार नोव्हेंबरच्या सकाळी वसतिगृहात आलेला ताजा पाव पुलापलीकडच्या बेकरीतला होता. तो घेऊन आलेली गाडी सहा वाजून दहा मिनिटांनी गेटवरून न येता मागच्या दारानं स्वयंपाकघराशी लागली. काचा सगळ्या शाबूत होत्या.